गावाला आधार हवा, तशा गोळ्याही हव्यात

ग्रामीण भागातल्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'गावाला गोळ्यांची नाही, आधाराची गरज आहे.' परिसंवादात त्याला टाळ्या मिळतात, वर्तमानपत्रांतल्या लेखांचा शेवट त्यावर होतो, आणि अलीकडे प्रकल्पांच्या प्रस्तावांतही ते दिसू लागलं आहे. त्यामागचा युक्तिवाद साधारण असा असतो. खेड्यातलं दुःख कर्जातून, दुष्काळातून, दारूतून, हुंड्यातून आणि बेकारीतून येतं. मानसोपचारतज्ज्ञ त्या दुःखाला आजाराचं नाव देतो. दोन मिनिटं रुग्ण बघतो, गोळ्या लिहितो आणि पुढचा नंबर पुकारतो. खरं तर माणसाला सांभाळून घेण्याची ताकद गावाकडेच आहे. मन मोकळं करायला कुणी मिळालं की निम्मा आजार तिथंच संपतो. तेव्हा समुपदेशक नेमा, हेल्पलाइन द्या, डॉक्टरवाचून काही अडणार नाही.

मी तालुक्याच्या गावी मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. असं म्हणणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत आणि त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत मोजणारी माणसं परिसंवादाला येत नाहीत. त्यांच्या वतीनं हे लिहितो आहे.

आधी त्यातलं खरं मान्य करतो. कर्ज हा आजार नाही. कापसाला भाव मिळाला नाही म्हणून रात्रभर तळमळणाऱ्या शेतकऱ्याला झोपेची गोळी देणं हे उत्तर नव्हे. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न शेतीच्या धोरणातून उचलून दवाखान्यात आणून टाकण्याचा सरकारी मोह मीही पाहिला आहे आणि त्याला माझाही विरोध आहे. नवरा मारतो म्हणून छातीत धडधड होणाऱ्या बाईची धडधड औषधानं कमी होईल, मार थांबणार नाही. हे न कळणारा डॉक्टर वाईट डॉक्टर आहे, याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. ग्रामीण मानसोपचारतज्ज्ञाकडे येतं कोण? आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उदास, एकाकी, बोलायला आसुसलेला माणूस असतो. तोही येतो. पण बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्याच्या बाकड्यावर त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं तेही पाहा. बाळंतपणाला दोन आठवडे झालेली मुलगी असते. चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. हे बाळ माझं नाही, बदललंय, असं ती शांतपणे सांगते, आणि तिच्या आईनं बाळ स्वतःच्या पदराखाली घट्ट धरलेलं असतं, कारण काल रात्री मुलगी त्याला घेऊन विहिरीकडे निघाली होती. हजार बाळंतपणांमागे एकदोघींना होणारा हा आजार आहे. त्यात आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जिवाला धोका असतो, आणि वेळेत औषध मिळालं तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. या मुलीला त्या क्षणी कोणता आधार द्यायचा? तिला झोप हवी आहे, भ्रम उतरायला हवा आहे आणि ते औषधानं होतं. आधार तिच्या आईला हवा आहे, आणि पुढच्या आठवड्यापासून तिलाही. पण आज गोळी, गरज पडली तर इंजेक्शन.

त्याच बाकड्यावर हातपाय थरथरणारा पन्नाशीचा माणूस असतो. वीस वर्षं दारू पिणारा. घरच्यांच्या आग्रहानं त्यानं पंढरीची माळ घातली आणि दारू एका दिवसात बंद केली. सगळं गाव खूश. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून किडे चालताना दिसू लागले, मेलेला भाऊ दारात उभा दिसला. घरचे म्हणाले, बाहेरचं झालंय, आणि त्याला देवऋषाकडे घेऊन गेले. दारू अचानक तोडल्यानं येणारा हा भ्रम जीवघेणा ठरू शकतो. शिरेतून बी-वन जीवनसत्त्व, शांत करणारी औषधं, पाणी आणि क्षार यांवर लक्ष, हाच त्याचा उपचार. माळेनं त्याचा निश्चय टिकेल. पण त्या रात्रीतून तो जिवंत बाहेर पडेल तो औषधानं. आमच्याकडे फिट येणारी पोरं येतात, सहा महिने अंघोळ न केलेला पदवीधर येतो, बियाण्याचे पैसे एका दिवसात वाटून टाकणारा आणि आठवडाभर न झोपलेला शेतकरी येतो. या माणसांशी बोलायला कुणी नव्हतं म्हणून ती आजारी पडलेली नाहीत.

आता 'गाव सांभाळून घेतं' या विधानाकडे येऊ. गाव सांभाळतं, हे मी रोज बघतो. किराणा उधार देणारा दुकानदार, रुग्णाला मोटरसायकलवर मधे बसवून आणणारे दोन शेजारी, रात्री-अपरात्री येऊन बसणारी भावकी, हे शहरात दुर्मीळ आहे. पण त्याच गावात गोठ्यालगतच्या खोलीला बाहेरून कडी असते. साखळी असते. साखळी घालणारे बहुतेक वेळा क्रूर नसतात, थकलेले असतात. तमिळनाडूतल्या एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यानं मरण पावले. त्यांना तिथं आणून सोडणारी कुटुंबं श्रद्धाळू होती, त्यांचं रुग्णांवर प्रेमही असेल. औषध मात्र नव्हतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधून ठेवायला स्पष्ट बंदी केली आहे. पण साखळी काढण्यासाठी कायद्याबरोबर आणखी काही लागतं. रुग्ण रात्री झोपला पाहिजे, मारायला धावला नाही पाहिजे, कानातले आवाज कमी झाले पाहिजेत. मग साखळी घरचे स्वतःच काढतात.

या वादात एक साधा इतिहास विसरला जातो. तीव्र मनोविकारावर नीट काम करणारं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये वापरात आलं. त्याआधी खेड्यातल्या अशा रुग्णापुढे घरातली कोठडी, देवस्थानाचं आवार किंवा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथलं मनोरुग्णालय एवढेच मार्ग होते, आणि मनोरुग्णालयात गेलेला परत येईलच असं नव्हतं. रुग्णानं आपल्या घरी राहावं, शेतात जावं, लग्नकार्यात पंगतीला बसावं, हे शक्य झालं ते गोळ्यांमुळे. गावातल्या गावात काळजी घेण्याची कल्पना ज्यांना प्रिय आहे, त्यांनी गोळीचे उपकार मानायला हवेत. गोळीनं माणसाला गावापासून तोडलं नाही, गावात ठेवलं.

'विकसनशील देशांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा अधिक बरे होतात, कारण आपली कुटुंबं,' असाही दाखला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अभ्यासांतून तो निष्कर्ष निघाला होता खरा. पण २००८ मध्ये विक्रम पटेल आणि आर. थारा यांच्यासह काही संशोधकांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले अनेक अभ्यास तपासून तो गृहीत धरता येणार नाही, असं दाखवलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात खेड्यातल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा पाठपुरावा झाला. ज्यांचे औषधोपचार चालू राहिले त्यांची काम करण्याची क्षमता सुधारली. ज्यांना उपचार मिळाले नाहीत ते होते तिथंच राहिले. कुटुंबं दोन्हीकडे होती. गावही तसंच होतं.

समुपदेशकांबद्दल बोलतो, कारण मला त्यांच्या विरोधात उभं केलं जातं. मी त्यांच्या बाजूचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी काम केलं आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' उपक्रमानं गावकऱ्यांनाच पहिला आधार देण्याचं प्रशिक्षण दिलं. गोव्यात थोडक्या प्रशिक्षणानंतर सामान्य शिक्षणाच्या माणसांनी नैराश्यावर आणि दारूवर परिणामकारक समुपदेशन करून दाखवलं. हे मोठं काम आहे आणि ते महाराष्ट्रात झालं, गोव्यात झालं, याचा मला अभिमान आहे.

पण ते प्रकल्प नीट वाचा. 'विश्राम'मध्ये कार्यकर्त्यांच्या मागे समुपदेशक होते आणि समुपदेशकांच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ. गोव्यातल्या 'मानस' प्रयोगात समुपदेशकासोबत प्राथमिक केंद्राचा डॉक्टर आणि भेट देणारा तज्ज्ञ, असं तिघांचं पथक होतं. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर थेट आपल्या मुद्द्याचा आहे. गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी काहींना फक्त दवाखान्यातले उपचार दिले, काहींना दवाखान्यातल्या उपचारांबरोबर घरी येणारा कार्यकर्ताही दिला. दुसऱ्या गटाला थोडा अधिक फायदा झाला. म्हणजे गोळ्या आणि आधार हे नुसत्या गोळ्यांपेक्षा चांगलं. हे मी छातीठोकपणे सांगेन. मात्र गोळ्या काढून नुसता आधार दिलेला गट त्यात नव्हता, आणि तसा गट करण्याची हिंमत कुणी जबाबदार संशोधक करणार नाही. ज्या कामाचे दाखले देऊन आम्हाला अनावश्यक ठरवलं जातं, त्या कामात आम्ही होतो.

'दोन मिनिटांचा डॉक्टर' हा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. पहिल्या भेटीला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. पण तीन वर्षं येणाऱ्या रुग्णाची पुढची भेट लहान असते, कारण तो अनोळखी राहिलेला नसतो. तो दारातून आत येतो तेव्हा त्याच्या चालीत ताठरपणा आहे का हे दिसतं. केसपेपर पुढे करताना हात किती थरथरतो ते दिसतं. दर वेळी येणारी आई आज का आली नाही, हे विचारावं लागतं. पहाटे जाग किती वाजता येते? धारा कोण काढतं? पगाराचे पैसे कुणाकडे देतोस? गोळी कोण देतं आणि तू ती गिळतोस की गोठ्यात टाकतोस? या चार-पाच प्रश्नांत आजार पुन्हा डोकं वर काढतोय का हे कळतं. शहरातल्या तासाभराच्या सत्राशी या भेटीची तुलना करणं म्हणजे गावच्या पाटाच्या पाण्याची बरोबरी बाटलीतल्या पाण्याशी करणं आहे. इथं थोडं थोडं पाणी वर्षानुवर्षं वाहत राहणं महत्त्वाचं असतं. आणि वेळ कमी पडतो हेही खरंच आहे. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नाही आणि जे आहेत ते बहुतांश शहरांत आहेत. डॉक्टर कमी पडतात म्हणून डॉक्टरच नको, असा निष्कर्ष हृदयविकाराबद्दल कुणी काढत नाही.

गोळ्यांची भीती दाखवताना सगळ्या गोळ्या एका पोत्यात भरल्या जातात. अल्प्राझोलामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्या जपून आणि थोडे दिवस द्यायच्या असतात. चिठ्ठीशिवाय त्या विकल्या जातात ते थांबवलंच पाहिजे. स्किझोफ्रेनियाच्या किंवा नैराश्याच्या औषधांची मात्र दारूसारखी तलफ येत नाही. दुष्परिणाम असतात. वजन वाढतं, साखर वाढते, अंग ताठरतं, तोंडाला कोरड पडते. म्हणून तर डॉक्टर जवळ हवा. लिथियमचं उदाहरण घ्या. टोकाचा आनंद आणि टोकाची उदासी असा झोका घेणाऱ्या आजारात ते आयुष्य सावरतं, आत्महत्या टाळतं. पण त्याचं रक्तातलं प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात राखावं लागतं. एप्रिलच्या उन्हात मजुरी करणाऱ्याचा घाम गेला, पाणी कमी पडलं, त्यात अंगदुखीवर डायक्लोफेनॅक घेतलं, की ते प्रमाण चढतं. माणसाला उलट्या होतात, जीभ जड होते, पाय लटपटतात. लोक म्हणतात, पिऊन आलाय. ज्याला हे माहीत आहे तो रक्त तपासतो आणि जीव वाचतो. तपासणी तालुक्यात होत नसेल तर तो असून नसून सारखाच.

ऊसतोडीला जाणारा रुग्ण आधाराच्या प्रश्नाचं खरं रूप दाखवतो. तोडणीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि उचल त्या कोयत्याला मिळते. दसरा-दिवाळीनंतर जोडी निघते ती उन्हाळा लागल्यावर परतते. नवऱ्याचा आजार गोळ्यांवर आटोक्यात आहे. आम्ही दोन महिन्यांच्या गोळ्या देतो, त्या फडावर संपतात. तिथल्या दवाखान्यात ते औषध नसतं, किंवा चिठ्ठी बाहेरगावची म्हणून मिळत नाही. तीन आठवड्यांत आवाज परत येतात. कोयता मोडतो, मुकादमाची उचल अंगावर राहते, बायको एकटी मोळ्या वाहते. ही बाई फडावरून आम्हाला फोन करते तेव्हा ती धीर मागत नाही. धीर तिच्याकडे आमच्याहून जास्त असतो. ती विचारते, गोळ्या पाठवता येतील का?

हेल्पलाइनबद्दल तक्रार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा, क्रमांक १४४१६, मी स्वतः रुग्णांना लिहून देतो. मध्यरात्री जीव नकोसा झालेल्याला त्या क्षणी माणसाचा आवाज मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण फोनवरून महिन्याचं इंजेक्शन देता येत नाही, रक्त काढता येत नाही, आणि कीटकनाशक पिऊन वाचलेल्या मुलाच्या खाटेशेजारी बसता येत नाही. त्या मुलाला अॅट्रोपिननं वाचवतात, पोलीस जबाब घेतात आणि चौथ्या दिवशी घरी सोडतात. २०१७ च्या कायद्यानं असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलं आहे आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ती जबाबदारी वॉर्डात कुणीतरी उभं राहिल्याशिवाय पार पडत नाही. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणून आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. धोरण आणि दवाखाना ही दोन्ही कामं असतात, एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

आणि देवऋषी? रुग्ण तिथं जातो म्हणून मी त्याला फटकारत नाही. अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका, एवढंच सांगतो. गुजरातेत मीरा दातार दर्ग्यात तर श्रद्धास्थानाच्या आवारातच मानसोपचाराचा दवाखाना उभा राहिला. मात्र भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण झाली तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या ठिकाणी सौम्यपणा दाखवणं म्हणजे रुग्णाशी द्रोह आहे. 'परंपरेची ताकद' असं गोंडस नाव त्याला देणाऱ्यांनी पाठीवरचे वळ पाहिलेले नसतात.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला, जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. इतक्या वर्षांनंतर, २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, मनोविकार असलेल्या बहुसंख्यांना उपचारच मिळत नाहीत असं आढळलं. आजारानुसार हे प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. म्हणजे गावाला गोळ्या जास्त झाल्यात, ही तक्रारच खोटी आहे. गोळ्या पोहोचल्याच नाहीत.

त्यामुळे मागणी सरळ आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तीव्र मनोविकाराची मूलभूत औषधं बारा महिने असावीत. महिन्याचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं द्यावं. लिथियमची तपासणी किमान उपजिल्हा रुग्णालयात व्हावी. एका जिल्ह्याची चिठ्ठी दुसऱ्या जिल्ह्यात चालावी. वैद्यकीय अधिकाऱ्याला मनोविकारांचं खरं प्रशिक्षण मिळावं. आणि समुपदेशकाला पूर्ण पगाराची, कायम जागा मिळावी, डॉक्टरच्या ऐवजी नव्हे, डॉक्टरच्या बरोबरीनं.

'गावाला गोळ्यांची नाही, आधाराची गरज आहे' असं लिहिणाऱ्यांना एकच विनंती. ते वाक्य पुन्हा लिहिण्याआधी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि औषधांच्या खिडकीवर विचारा : रिस्पेरिडोन आहे का? लिथियम आहे का? गेल्या वर्षात किती वेळा संपलं होतं? 'नाही' असं उत्तर आलं, तर त्यावर लिहा. रुग्णांना तुमच्या लेखणीचा खरा आधार तिथं हवा आहे.